ताराबाईनं शिकवलेला दम

माझ्या शाळेतल्या सोबतच्या शिक्षिका मला चिडवतात, "ज्योत्स्ना मॅडमनी काठी गिळली आहे." मी हसून सोडून देते. त्यांनी मला चौदाव्या वर्षी पाहिलेलं नाही. तेव्हा माझे खांदे इतके पुढे आलेले असायचे की वसतिगृहाच्या अधीक्षिका मला सगळ्यांदेखत 'विळा' म्हणायच्या. त्या विळ्याची पाठ ज्या बाईनं सरळ केली, ती वसतिगृहात स्वयंपाक करायची. ताराबाई तिचं नाव. तिला सहीपुरतं लिहिता यायचं, आणि श्वासाबद्दल तिला जे कळत होतं ते मला पुढे कुठल्याच पुस्तकात इतकं सोपं करून सांगितलेलं सापडलं नाही.

मी गोंडपिपरीला आठवीत आले ते १९९५ साली. घरी धान आणि कापूस, गावात शाळा सातवीपर्यंत. वसतिगृहात आम्ही चाळीस मुली दोन लांब खोल्यांत राहायचो. टेबल-खुर्ची कोणालाच नव्हती. पत्र्याची पेटी हेच टेबल, आणि तिच्यावर ओणवं होऊन लिहायचं, म्हणजे पाठ वाकायला तेवढं पुरे होतं. पण खरं कारण आम्ही कोणी बोलत नसू. त्या वयात अंगाला जे काही होत असतं त्याची लाज वाटायची. शाळेत जाताना वह्या छातीशी घट्ट धरायच्या, ओढणी दोन्ही खांद्यांवरून ओढून घ्यायची, आणि रस्त्यानं स्वतःला शक्य तेवढं लहान करून चालायचं. अधीक्षिका बाई मागून येऊन पट्टीनं पाठीवर मारायच्या. "सरळ चाल!" आम्ही दहा पावलं सरळ चालायचो आणि पुन्हा वाकायचो. पट्टी मारून कोणाची पाठ सरळ झाल्याचं मी आजवर पाहिलं नाही. तरीही पट्ट्या काही बंद झालेल्या नाहीत.

ताराबाईचं गाव तिथून तीन कोसांवर, तलावाच्या काठी. जातीनं ढिवर. तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून दहाव्या वर्षापासून ही त्याच्याबरोबर मासे धरायला डोंग्यात, लाकडी होडीत. त्यांच्या तलावाच्या तळाशी जुनी झाडं बुडालेली होती आणि टाकलेलं जाळं हटकून त्यांत अडकायचं. ओढलं तर फाटायचं. मग कोणीतरी बुडी मारून खाली जायचं आणि फांद्यांतून एकेक पीळ सोडवून आणायचा. हे काम ताराबाईचं, कारण ती काटकुळी होती आणि फांद्यांमधून सहज निघायची.

बापानं तिला पाण्यात उतरायच्या आधी दम धरायला नाही शिकवलं, दम सोडायला शिकवलं. ती आम्हाला सांगायची, "नवखा मानूस का करते, छाती फुगवते, खांदे वर घेते अन् बुडी मारते. खाली गेला का लगेच गुदमरते. पयले सोडाचं. पुरं पोट रिकामं कराचं. मंग जेवढा पायजे तेवढा आपोआप आत येते." बाप डोंग्याच्या काठावर बोटानं ठोकत राहायचा, चार ठोक्यांत आत, सहा ठोक्यांत बाहेर. असं पाच-सात वेळा झालं की मग खाली. पाण्याखालीही ती घाबरायची नाही. घाबरली तर काय होतं ते तिनं एकदा बघितलं होतं. तिचा एक चुलतभाऊ फांद्यांत अडकला आणि वर आलाच नाही. त्याच्या पायाला नुसता एक पीळ होता, सहज निघाला असता. तेव्हा बापानं तिला सांगितलं होतं, की त्याले पाण्यानं नाई मारलं, त्याचा दम भेवानं तुटला. ते तिच्या मनात कायमचं बसलं. दम लागला म्हणजे भीती लागली, हे ढिवरांच्या घरात कोणी कोणाला समजावून सांगत नाही, ते तसंच असतं.

तिचं लग्न इस्तारीशी झालं. तोही तलावातलाच माणूस. त्यांना पहिले दोन मुलगे झाले. एक दीड वर्षाचा होऊन गेला, दुसरा चार वर्षांचा. दोघांचेही हातपाय मधूनमधून सुजायचे, रडून रडून हैराण व्हायची लेकरं, मग ताप यायचा. तिसरी जया. ती मात्र जगली. जया शाळेत जायला लागल्यावर ताराबाईनं तलाव सोडला, गोंडपिपरीत चाळीस पोरींच्या पोळ्या लाटायला आली, आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत लेकीला घेऊन राहू लागली. इस्तारी गावातच राहिला. शनिवारच्या बाजाराला मासळी घेऊन यायचा आणि लेकीला बघून जायचा. ताराबाईला आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती. जया जगावी आणि शिकून नर्स व्हावी. ती हे चुलीपुढं बसून इतक्यांदा बोलायची की आम्ही जयाला आधीच 'सिस्टर' म्हणायला लागलो होतो.

जया माझ्याच वर्गात होती. बारीक, डोळ्यांत जराशी पिवळट झाक, सदा थकलेली, आणि कमालीची शांत. लहानपणी दोनदा कावीळ झाली म्हणून पाल्याचं औषध घेतलं होतं असं सांगायची. खेळाच्या तासाला झाडाखाली बसून असायची आणि आमच्या चपला सांभाळायची.

नववीच्या सहामाहीच्या आदल्या संध्याकाळी मला पहिल्यांदा तो झटका आला. गणिताची वही उघडली आणि छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. श्वास आत घेते आहे, घेते आहे, तरी पुरत नाही. बोटांना मुंग्या, ओठ बधिर. मुली ओरडायला लागल्या. अधीक्षिका बाईंनी तोंडावर पाणी मारलं आणि कांदा आणायला सांगितला. कांद्याऐवजी ताराबाईच आली, कणकेच्या हातांनी. माझ्या मागं बसली, स्वतःची पाठ माझ्या पाठीला टेकवली आणि पेटीवर बोटानं ठोकायला लागली.

"घेऊ नको वं पोरी, घेऊ नको. लय घेऊन राह्यली तू. सोड पयले. फुंकून सोड, चहा फुंकते तसा."

मी सोडला. मागं तिची पाठ हळूहळू वरखाली होत होती आणि मला नकळत माझा श्वास तिच्यामागं जायला लागला. चार ठोके, सहा ठोके. किती वेळ गेला कोण जाणे. मुंग्या गेल्या. मला एकदम रडू आलं, आणि ती म्हणाली, "रड. रडन्यानंही सुटते."

त्या दिवसापासून आमची रोजची बैठक सुरू झाली. संध्याकाळची प्रार्थना आणि जेवण यांच्यामध्ये पंधरा मिनिटं. आधी सगळ्यांनी सतरंजीवर उताणं पडायचं आणि पोटावर स्टीलचा पेला ठेवायचा, अर्धा पाण्यानं भरलेला. छातीनं श्वास घेतला की पेला जागचा हलत नाही, आणि धसमुसळेपणा केला की पाणी अंगावर. पहिले आठ दिवस खोलीभर हसणं आणि ओले परकर एवढंच चाललं होतं. मग हळूहळू चाळीस पेले वर जाऊ लागले आणि खाली येऊ लागले. नंतर उठून बसायचं आणि तेच करायचं. पाठ ताठ करा असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणायची, "दम खाली पोटात उतरू द्या. खांद्याले काई काम ठेवू नका. पाठ आपली आपन उठते."

आणि खरंच उठली. महिनाभरानं मी वह्या हातात लोंबत्या धरून शाळेत गेले, तर हिंदीचे सर म्हणाले, उंच झालीस की काय! घरच्या आठवणीनं उपाशी राहणारी एक मुलगी जेवायला लागली. पाळीच्या वेदनेनं लोळणाऱ्या दोघी ठोके मोजत पडून राहू लागल्या. एकीला कोणीतरी चिठ्ठी पाठवली म्हणून सगळ्या शाळेत नाव खराब झालं होतं, ती आठवडाभर तोंड झाकून पडून होती. ताराबाईनं तिला काही विचारलं नाही, नुसती रोज पाठीला पाठ लावून बसली. चौथ्या दिवशी ती मुलगी शाळेत गेली. वयात येताना आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं. आईनं नाही, शाळेनं नाही. आपल्या अंगात बसायला आम्हाला ह्या स्वयंपाकिणीनं शिकवलं.

ह्या सगळ्यांत सगळ्यात सुरेख श्वास जयाचा होता. जन्मापासून आईच्या पोटाशी झोपलेली पोर, तिला शिकवायला लागलंच नाही. तिच्या पोटावरचं पाणी कधी हिंदकळायचं नाही. पुढं जे झालं त्यात तिच्या ह्या गुणाचा मोठा वाटा आहे, आणि ते कबूल करताना माझा जीव तुटतो.

आम्ही दहावीत गेलो. १९९८चा जानेवारी फार थंड होता. जया पाय दुखतात म्हणू लागली, मग पाठ, मग हातांची हाडं. रात्रीचं तेल चोळणं सुरू झालं. दुखायला लागलं की ती भिंतीशी बसायची, डोळे मिटायची आणि श्वास संथ करायची. त्यानं तिला आराम पडायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. कपाळावरची आठी सुटायची. पण त्यामुळंच तिला किती दुखतं आहे ते कोणाला दिसायचं नाही. दुसरी मुलगी असती तर किंचाळली असती, आणि किंचाळणाऱ्या मुलीला लोक दवाखान्यात नेतात.

फेब्रुवारीत एका गुरुवारी सकाळी तिनं मला तिची अंघोळीची बादली नळापासून उचलून द्यायला सांगितली. ती बादली मी सोमवारपासून रोज उचलत होते. माझं प्रयोगवहीचं काम अडलं होतं, मी वैतागले.

"राणीसायब, उद्यापासून पालखी पाठवतो तुमच्यासाठी."

ती हसली. भिंतीला हात लावत लावत आत गेली. मी तिच्या मागं बघितलंही नाही.

दुपारी तिला धाप लागली. श्वास अर्धवट यायचा आणि अडकायचा. ताराबाईनं हातातलं लाटणं टाकलं आणि तिच्या मागं जाऊन बसली. अंग थोडं गरम होतं, पण सर्दी आम्हा सगळ्यांनाच होती. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. आदल्या महिन्यात दहावीच्या चार मुलींना असेच झटके येऊन गेले होते आणि चारही मुली ह्याच पाठीला टेकून बऱ्या झाल्या होत्या. आमच्यापैकी एकीलाही दुसरी शंका आली नाही. पेटीवर ठोके पडू लागले. तासाभरानं जयाचा श्वास थोडा लांबला आणि ताराबाईच्या चेहऱ्यावर हसू आलं.

शुक्रवारी तेच पुन्हा. अधीक्षिका बाई दारात आल्या. मला विळा म्हणणारी बाई ती, तिच्याबद्दल माझ्या मनात आजही माया नाही, पण खरं ते खरं, विचारलं तिनंच. "ताराबाई, डॉक्टरांना दाखवायचं का हिला?"

"काई नाई बाई, परीक्षेचं भेव हाय. लेकीची जात, बोलत नाई. दोन दिवसात उतरते."

अधीक्षिका बाईंनी जयाकडं बघितलं. जया डोळे मिटून शांत बसली होती, चार ठोक्यांत घेत, सहा ठोक्यांत सोडत. बाई निघून गेल्या.

शनिवारी बाजार. इस्तारी मासळीची टोपली स्वयंपाकघरात उतरवून खोलीत आला. मायलेकी पाठीला पाठ लावून बसलेल्या. त्यानं लेकीचा हात हातात घेतला, उजेडाकडं वळवला आणि नखं पाहिली. तलावातून माणसं बाहेर काढलेली होती त्यानं.

"इचे नखं निळे झाले," तो म्हणाला. "जयाची माय, बुडालेल्या मानसाचे अशे होतात."

ताराबाई काही बोलायच्या आत त्यानं जयाला उचललं. मी पायऱ्यांवर होते. जयाचं डोकं त्याच्या खांद्यावर पडलं होतं आणि तोंड उघडं होतं. मासळीच्या टोपलीवर माश्या बसत होत्या. ताराबाई अनवाणी धावत त्याच्या मागं गेली.

तालुक्याच्या दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला आणि तसंच गाडीत घालून चंद्रपूरला नेलं. रविवारी दुपारी जया गेली. पंधरा वर्षं आणि चार महिन्यांची होती ती.

पुढचं मला इस्तारीनं सांगितलं. चंद्रपूरच्या डॉक्टरनं आधीच्या लेकरांबद्दल विचारलं. हातपाय सुजायचे का, लवकर थकायची का, डोळे पिवळे असायचे का. मग रक्त तपासलं. सिकलसेल. आमच्या भागात घराघरांत आहे तो, पण तेव्हा त्याचं नाव ठाऊक असणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, हाडं दुखतात, आणि कधी फुप्फुसातच अडकतात. आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा येतो, आणि अर्धा अर्धा घेऊन आईबाप धडधाकट फिरत असतात. ताराबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दोन दिवस आदी आनली असती तं?" डॉक्टर तरुण होता. तो म्हणाला, वाचायची बरीच शक्यता होती. तो खोटं का बोलला नाही म्हणून मी कितीतरी वर्षं त्या न पाहिलेल्या माणसावर चिडून होते.

मार्चमध्ये मी परीक्षेला बसले. पहिल्या पेपरला प्रश्नपत्रिका हातात आली आणि माझा श्वास वर अडकला. मी बाकाखाली मांडीवर बोटानं ठोके मोजले. चार, सहा. श्वास उतरला आणि मी पेपर लिहिला. एक बाक माझ्या पुढचा रिकामा होता, जयाचा नंबर होता तो. मला इतकी शरम वाटली की काय सांगू. तिच्या आईची विद्या मला तारत होती आणि तिला तारू शकली नव्हती.

मी पास झाले आणि अकरावीला तिथंच राहिले. जुलैत ताराबाई कामावर परत आली. केस पांढरे झालेले, बोलणं जवळपास बंद. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आम्ही सवयीनं पेले घेऊन बसलो. ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली, आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "भाजी जळून राह्यली." भाजी अजून चढवलीही नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही पेले काढले नाहीत.

ऑगस्टमध्ये नववीतली डिंपल घटक चाचणीच्या आदल्या दिवशी धापा टाकायला लागली. माझ्यासारखाच झटका. मी तिच्या मागं बसायला गेले, तर ताराबाईनं मला दंडाला धरून बाजूला ओढलं. इतक्या जोरानं, की दंडावर बोटं उमटली. तिनं डिंपलला पाठुंगळी घेतलं आणि दवाखान्यापर्यंत धावत गेली. डॉक्टरनं तपासलं, काही नव्हतं. पंधरा दिवसांनी दुसरी मुलगी. तिला जिना चढून धाप लागली होती. मग कोणाला ठसका लागला तरी ताराबाई दारात उभी. प्रत्येक पोरीची नखं उजेडात धरून बघायची. सुरुवातीला पोरींना कीव यायची. मग त्या हसायला लागल्या, 'ताराबाई आली, नखं लपवा' म्हणू लागल्या. मी एकीच्या थोबाडीत मारली त्यासाठी आणि अधीक्षिका बाईंकडून शिक्षा भोगली. मला त्याचा अजूनही पश्चात्ताप नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती गावी गेली आणि निरोप पाठवला, की आता येत नाही. नवीन स्वयंपाकीण आली. नव्या वर्षी आठवीच्या नव्या मुली आल्या, छातीशी वह्या धरून, खांदे पुढे घेऊन. त्यांच्या मागं बसणारं कोणी नव्हतं. अठरा वर्षांची मी, मला तेव्हा एवढंच कळत होतं, की एका पोरीबरोबर आणखी काहीतरी चांगलं मेलं आहे आणि त्याचं सुतक कोणी धरत नाही.

मी डी.एड. केलं आणि २००२ साली धानोरा तालुक्यातल्या एका शाळेत लागले. तिथल्या मुलींच्या पाठी बघून मला राहवलं नाही. सतरंजी टाकली, पेले मागवले. एक फरक मात्र मी पहिल्या दिवसापासून केला. कोणाला दम लागला की आधी विचारते, भीती वाटते की दुखतं? छातीत दुखतं म्हटलं, ताप असला, डोळे पिवळे दिसले, तर ठोके मोजत बसत नाही, सरळ दवाखान्यात नेते. आता तपासणीची शिबिरंही होतात. गेल्या तीन वर्षांत माझ्या शाळेतल्या चार मुलींचा आजार वेळेवर कळला. चौघीही आहेत, गोळ्या घेतात आणि भांडतात. मध्यंतरी नागपूरहून एक साहेब आम्हाला ताण-व्यवस्थापन शिकवायला आले होते. पडद्यावर चित्रं दाखवून त्यांनी दोन तासांत जे सांगितलं ते ताराबाई चहा फुंकण्याएवढ्या वेळात सांगायची.

२००५च्या मे महिन्यात मी तिच्या गावी गेले. इतकी वर्षं हिंमत झाली नव्हती. इस्तारी डोंगा घेऊन तलावात होता. ताराबाई पडवीत बसून फाटलेलं जाळं शिवत होती. मला ओळखलं. पाणी दिलं, बस म्हणाली, आणि पुन्हा सुई घेतली.

मी मनाशी ठरवून गेले होते. बादलीची गोष्ट तिला सांगितली. चार दिवस मी जयाची बादली उचलत होते, तिच्यात ती उचलायची ताकद उरली नव्हती हे मला कळायला हवं होतं, आणि मी तिची थट्टा केली. सांगताना मी रडले.

ताराबाईनं सगळं ऐकलं. मग सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"तू लेकरू होतीस," ती म्हणाली. "म्या तं माय होतो. अन् तिनं मले सांगतलं होतं वं. तीन डाव सांगतलं. गुरुवारी, सुक्रवारी, अन् सनिवारी सकाळी. माय, मी भेत नाई. असंच म्हने. माय, मी भेत नाई वं, मले दम पुरत नाई. अन् म्या म्हटलं, भेनारा मानूस असंच म्हनते."

मला हे ठाऊक नव्हतं. जयाचं आवाज न चढवता बोलणं मला इतक्या वर्षांनी कानात ऐकू आलं. तलावावर बगळे उतरत होते. ताराबाई रडत नव्हती. तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते आणि श्वास छातीच्या वरच्या टोकाला नुसता फडफडत होता, चौदाव्या वर्षी माझा फडफडायचा तसा. मी उठले आणि तिच्या मागं जाऊन बसायला लागले. तिनं हात आडवा केला.

"नको," ती म्हणाली. "मले नको."

मी परत समोर येऊन बसले. मग तिनं विचारलं, "तुह्या साळेतल्या पोरी भेल्या का तू का करतेस?"

"तुमचंच शिकवतो, बाई. पेला, ठोके, सगळं. अन् भेत नाई म्हटलं तं खरं मानतो अन् दवाखान्यात नेतो."

ती ऐकून मान हलवत राहिली.

"बरं करतेस. शिकव. लेकरायले आराम पडते त्यानं. जयालेही पडे." मग तिनं जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. "पन कोनी शिकवलं ते नको सांगू पोरीयले. जयाले राग येईन."

मी तिला तसा शब्द दिला नाही.